पीटीचा तास आणि फिजिकल एज्युकेशनचा पेपर



दहावीचा निकाल लागला की शाळेच्या ऑफिसबाहेर पालकांची रांग लागते. अकरावीला कोणते विषय घ्यायचे याची खलबतं चालू होतात. चार विषय बहुतेकांचे ठरलेलेच असतात. गाडी पाचव्या विषयाशी आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. हिंदीत, मराठीत, माळवीत, सगळ्या भाषांत तेच: "पाचवा फिजिकल एज्युकेशन घेऊन टाकू. मार्क मिळतात."

"फिजिक्स घेऊन टाकू" असं मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. हे "टाकू" फक्त आमच्याच विषयाच्या वाट्याला येतं. आजचं बोलणं त्या "टाकू"बद्दल आहे.

मी इंदूरची. घरी मराठी, बाजारात हिंदी आणि वर्गात हिंदी-इंग्रजीची खिचडी, असं आमचं जगणं. गेली अठरा वर्षं मी सीबीएसईच्या शाळेत अकरावी-बारावीला फिजिकल एज्युकेशन शिकवते. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या कॉलेजात शिकलेल्यांना हा विषय श्रेणीचा म्हणून आठवत असेल, टक्केवारीत न धरला जाणारा. सीबीएसईत तसं नाही. तिथे हा पूर्ण १०० गुणांचा, बोर्डाचा पेपर असलेला विषय आहे. त्यामुळे दिल्लीत, भोपाळला, हैदराबादला, वडोदऱ्याला राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत हा प्रश्न दरवर्षी जेवणाच्या ताटावर येतो: घ्यायचा की नाही? आणि घेतला तर नक्की काय घेतलं?

आधी हिशोब सांगते. १०० पैकी ७० गुण लेखी परीक्षेचे, ३० प्रात्यक्षिकाचे. सध्याच्या वाटणीत त्या ३० मध्ये शारीरिक क्षमता चाचणीला ६, एका खेळातल्या प्रावीण्याला ७, योगाभ्यासाला ७, रेकॉर्ड फाइलला ५ आणि तोंडी परीक्षेला ५. म्हणजे ज्या मुलाला वाटतं, "मी क्रिकेटच्या टीममध्ये आहे, माझा हा विषय झाल्यातच जमा," त्याच्या बॅटिंगला या विषयात १०० पैकी ७ गुण आहेत. बाकीच्या ९३ साठी त्याला इतरांसारखंच बसावं लागतं. उलट, जी मुलगी कधीच कुठल्या टीममध्ये नव्हती, तिच्यासाठी या विषयाचं दार जवळजवळ पूर्ण उघडं आहे. ही गोष्ट मी दरवर्षी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते. काहींचे चेहरे पडतात, काहींचे खुलतात.

हे फक्त आपल्याकडेच असं आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा वर्षांची मुलं ए-लेव्हलला हाच विषय घेतात. तिथेही ७० टक्के लेखी आणि ३० टक्के प्रत्यक्ष खेळ व त्याचं विश्लेषण. शरीररचना, शरीरक्रिया, यांत्रिकी, मानसशास्त्र, खेळ आणि समाज हे सगळं त्यात येतं. पीटीचा तास वेगळा आणि फिजिकल एज्युकेशनचा पेपर वेगळा, हे तिथल्या मुलांनाही समजावून सांगावंच लागतं.

आता तुम्हाला आमच्या वर्गात घेऊन जाते. बारावीचं पहिलं प्रकरण स्पर्धांच्या आयोजनाचं. मी विचारते, "कबड्डीचे ११ संघ आहेत. बाद पद्धतीने किती सामने होतील?" पाठांतरवाले लगेच सांगतात, एन वजा एक, म्हणजे दहा. मी विचारते, "का?" वर्ग गप्प. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "मॅडम, प्रत्येक सामन्यात एकच टीम बाहेर जाते. एक विजेता उरायला दहा टीम हरायला लागतील. म्हणून दहा." बस. सूत्र आता विसरलं तरी चालेल.

मग पुढचा प्रश्न. पहिल्या फेरीत पुढे चाल किती संघांना द्यायची? अकराच्या पुढचा दोनाचा घात सोळा. सोळा वजा अकरा, पाच. वरच्या गटात सहा संघ, खालच्या गटात पाच. पुढे चाल वरती दोघांना, खालती तिघांना. दुसऱ्या फेरीत दोन्हीकडे चार-चार संघ, सगळं चोख बसतं.

आणि साखळी पद्धत घेतली तर? अकरा गुणिले दहा भागिले दोन, म्हणजे ५५ सामने. चाळीस मिनिटांचा सामना, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. एकाच मैदानावर ५५ सामने खेळवायचे तर ४१ तासांहून जास्त वेळ हवा. बाद पद्धतीने साडेसात तास. आता सांगा, तुमच्याकडे एक मैदान आणि एक रविवार आहे. काय निवडाल? पण थांबा, बाद पद्धतीत एखादा चांगला संघ पहिल्याच सामन्यात वाईट खेळला की घरी. हे न्याय्य आहे का? वेळ वाचवायचा की न्याय सांभाळायचा? यावर माझ्या वर्गात तास संपल्यावरही भांडणं चालतात. हा गणिताचा प्रश्न आहे, व्यवस्थापनाचा आहे आणि थोडा नीतीचाही आहे.

तसंच यांत्रिकीचं. कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू वाकून, पाय फाकून का उभा राहतो? सवय म्हणून? तो आपला गुरुत्वमध्य खाली आणतो आणि आधाराचा पाया रुंद करतो. त्यामुळे त्याला लोळवणं कठीण होतं. शंभर मीटरचा धावपटू सुरुवातीला नेमकं उलटं करतो. तो वजन इतकं पुढे टाकतो की तोल जायच्या बेतात असतो, कारण त्याला स्थिर राहायचंच नाही, सुटायचं आहे. फिजिक्स घेतलेली मुलं इथे चमकून बघतात. त्यांच्या वहीतलं प्रकरण मैदानावर धावताना दिसतं.

मोजमापाचं प्रकरण माझं सर्वांत आवडतं. त्यात हार्वर्ड स्टेप टेस्ट आहे. मुलांसाठी साधारण ५० सेंटिमीटर उंचीची पायरी, मुलींसाठी त्याहून कमी. मिनिटाला ३० वेळा, अशी पाच मिनिटं चढ-उतार. मग बसायचं आणि नाडी मोजायची. थांबल्यानंतर एका मिनिटाने अर्धं मिनिट, दोन मिनिटांनी अर्धं मिनिट, तीन मिनिटांनी अर्धं मिनिट. समजा ९०, ८० आणि ७० ठोके आले. बेरीज २४०. तीनशे सेकंद गुणिले शंभर, भागिले दुप्पट बेरीज, उत्तर ६२.५. तक्त्यात हे सरासरीच्या खालच्या बाजूला येतं. ऐंशीच्या पुढे चांगलं, नव्वदच्या पुढे उत्तम.

पण आकडा काढून थांबायचं नाही. ही चाचणी काय बघते? तुम्ही किती जोरात धावता हे नाही. श्रम थांबल्यावर तुमचं हृदय किती लवकर शांत होतं, हे ती बघते. एका वर्षी आमच्या वर्गात क्रिकेट टीमची तीन मुलं होती. त्यांच्यापेक्षा चांगला आकडा आला एका मुलीचा, जी रोज सायकलवरून शाळेत यायची आणि जिने कधी बॅट हातात धरली नव्हती. मुलं म्हणाली, "मॅडम, मोजण्यात गडबड आहे." मी म्हटलं, "असू शकते. पुन्हा मोजा. आणि गडबड कुठे कुठे होऊ शकते, त्याची यादी करा." त्यांनी यादी केली: पायरीचा ताल चुकला, नाडी मोजायला उशीर झाला, एकाने आधी चहा घेतला होता. दुसऱ्यांदा मोजलं, तरी मुलगी पुढेच. त्या दिवशी त्या मुलांना खेळाडू असणं आणि तंदुरुस्त असणं यांतला फरक कळला. दावा, मोजमाप, शंका आणि पुन्हा मोजमाप. याला अभ्यास म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आता एक जपून सांगण्याची गोष्ट.

अभ्यासक्रमात स्त्रिया आणि खेळ असा भाग आहे. त्यात तीन गोष्टींचं एक त्रिकूट शिकवावं लागतं: खाण्याच्या विकृत सवयी, पाळी बंद होणं आणि हाडं ठिसूळ होणं. तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या. अनेक शाळांत हे पान "घरी वाचा" म्हणून उलटलं जातं. मी मुलगे-मुली एकत्र बसवून शिकवते. पहिली पाच मिनिटं मागच्या बाकांवर खुसखुस होते, नंतर थांबते.

एके वर्षी तास संपल्यावर एक मुलगी मागे राहिली. आठशे मीटर धावायची, जिल्ह्यात नाव होतं. म्हणाली, "मॅडम, माझी चार महिने आलेली नाही. मला वाटलं बरंच झालं, स्पर्धेच्या वेळी कटकट नाही." खाणं विचारलं. सकाळी दोन तास सराव, रात्री पोळी बंद, कारण कुणीतरी सांगितलं होतं की वजन दोन किलो उतरलं तर वेळ सुधारेल.

कारण साधं आहे. शरीराला जितकी ऊर्जा लागते तितकी मिळाली नाही, की शरीर काटकसर करायला लागतं. आधी जे तातडीचं नाही ते बंद करतं, आणि पाळी शरीराच्या दृष्टीने तातडीची नाही. त्याबरोबर इस्ट्रोजेन कमी होतं आणि त्याचा फटका हाडांना बसतो. किशोरवय म्हणजे हाडांची पुंजी साठवायचं वय. या वयात जे साठलं नाही, ते पुढे भरून काढणं फार अवघड. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या प्रश्नाला आणखी व्यापक नाव दिलं, खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता, आणि हे मुलग्यांनाही होऊ शकतं हे मांडलं.

मी तिच्या आईला बोलावलं. आई म्हणाली, "अहो मॅडम, बारीक आहे म्हणून तर पळते ना?" मी काही निदान केलं नाही, ते माझं काम नाही. एवढंच म्हटलं, "ताई, डॉक्टरांना दाखवा, आणि ती किती धावते, काय खाते, हे दोन्ही त्यांना सांगा." त्यांनी दाखवलं. तो सीझन तिला सोडावा लागला. जेवण वाढवलं, सराव कमी केला. पुढच्या वर्षी ती पुन्हा मैदानावर आली. पदक मिळालं की नाही हे सांगत नाही, कारण मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की ते पान "घरी वाचा" म्हणून उलटलं असतं, तर ती पोर पाळी बंद झाल्याचा आनंद मानत धावत राहिली असती.

"घेऊन टाकू"ची खरी किंमत ही आहे. विषय टाकल्यासारखा घेतला की तो टाकल्यासारखाच शिकला जातो. रेकॉर्ड फाइल तयार मिळते, व्याख्या गाइडमधून पाठ होतात, मार्क खरंच मिळतात. आणि ९५ गुण मिळवलेल्या मुलाचा पाय मैदानावर मुरगळला, की तो त्याच पायावर उड्या मारून बघतो, "मोकळा होतोय का" म्हणून.

इथे मला आपल्या भाषेबद्दल सांगायचं आहे, कारण तुम्हांपैकी बरेच जण माझ्यासारखे महाराष्ट्राबाहेर वाढलेले असाल. दुखापतींच्या प्रकरणात इंग्रजी शब्दांची रांग असते: कंट्यूजन, अ‍ॅब्रेजन, स्प्रेन, स्ट्रेन. मुलं त्यांच्या व्याख्या घोकतात आणि परीक्षेत अदलाबदल करतात. माझ्या वर्गात मराठी घरातली दोन-तीन मुलं असतातच. मी त्यांना म्हणते, आजीला विचारून या. आजी सांगते: कातडी न फाटता आत मार बसला तर मुका मार. कातडी सोलली तर खरचटणं. सांधा वाकडा वळला तर मुरगळणं. स्नायू ताणला गेला तर लचक. झालं की प्रकरण! स्प्रेन सांध्याच्या बंधांना होतो, स्ट्रेन स्नायूला होतो, ही गोष्ट "मुरगळणं" आणि "लचक" कळणाऱ्या मुलाला पुन्हा पाठ करावी लागत नाही. तालमीने आपल्या भाषेला असे किती शब्द दिलेत बघा: जोर, बैठका, दम, खुराक, पेच, मेहनत.

आणि हा विषय म्हणजे काल-परवा बाहेरून आलेलं खूळ, असंही नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वडोदऱ्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोश संपादित केला. मराठीत, तब्बल दहा खंड. त्याच वडोदऱ्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शिकलेल्या जगन्नाथ गणेश गुण्यांनी, म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. ग्वाल्हेरला १८५७ च्या शताब्दीच्या वर्षी, १९५७ मध्ये, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय निघालं, ते आज विद्यापीठाच्या दर्जाचं आहे. शरीराबद्दल नीट विचार करून लिहिणं, मोजणं, शिकवणं ही आपल्याकडे जुनी वाट आहे, आणि तिचा बराच भाग महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी चालून मळलेला आहे.

आणखी एका मुलाबद्दल सांगते. तो व्हीलचेअर वापरायचा. दहावीपर्यंत पीटीच्या तासाला त्याची जागा ठरलेली, झाडाखाली, सगळ्यांच्या बाटल्या सांभाळत. अकरावीत त्याने हा विषय घेतला तेव्हा घरच्यांनाच आश्चर्य वाटलं. पण विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी अभ्यासक्रमात ब्रॉकपोर्ट चाचणी आहे, आणि त्यांच्यासाठी खेळ कसे बदलावेत याचं आख्खं प्रकरणच आहे. ते प्रकरण त्या वर्षी मी कमी आणि त्यानेच जास्त शिकवलं. शाळेच्या क्रीडादिनाला गुणलेखनाचं टेबल त्याच्याकडे होतं आणि बोशियाचा सामना त्याने स्वतः खेळला. बाटल्या त्या दिवशी ज्याच्या त्याने सांभाळल्या.

आता पालकांसाठी रोखठोक. हा विषय कुणी घ्यावा? खेळाडूने घ्यावा, पण खेळामुळे मार्क मिळतील म्हणून नको. आपलं शरीर हे आपलं हत्यार आहे, ते समजावं म्हणून. खेळाडू नसलेल्याने घ्यावा, त्याला शरीराबद्दल कुतूहल असेल तर. ज्याला फक्त एक सोपा विषय हवा आहे, त्याने अकरावीचं पुस्तक आधी एक दिवस चाळावं, मग ठरवावं.

आणि प्रवेशाचं बघा. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी आली. तिच्या विषयांच्या यादीत शारीरिक शिक्षण आहे. पण यादीत असणं वेगळं आणि तुम्हाला हव्या त्या कोर्सला तो विषय चालणं वेगळं. प्रत्येक विद्यापीठाची पात्रता वाचा, अकरावीत वाचा, बारावीच्या मे महिन्यात नको. मुलीला फिजिओथेरपीला जायचं असेल तर बायॉलॉजी सोडून हा विषय घेऊ नका, बायॉलॉजीच्या जोडीला घ्या. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, मणिपूरचं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ, ग्वाल्हेर, अमरावती अशा वाटा आहेत. क्रीडा पत्रकारिता, आहार, मानसशास्त्र, व्यवस्थापन या बाजूंनाही या दोन वर्षांचा पाया कामाला येतो. नोकरीची हमी मी देणार नाही. ती कुठलाच पाचवा विषय देत नाही.

शाळेला मात्र एक प्रश्न जरूर विचारा: "हा विषय शिकवणारी व्यक्ती तास वर्गात घेते का? आणि मैदानावर मुलं काही मोजतात का?" दोन्हींची उत्तरं "हो" असतील तर निर्धास्त राहा.

जाता जाता एक काम देते. बारावीच्या अभ्यासक्रमात ज्येष्ठांसाठी रिक्ली आणि जोन्स यांच्या चाचण्या आहेत. त्यातली एक आज घरी करा. पाठ टेकायची, हात नसलेली खुर्ची भिंतीला लावून ठेवा. आजी किंवा आजोबा दोन्ही हात छातीवर दुमडून बसतील. तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून बसणं किती वेळा जमतं, ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांत साधारण १२ ते १७, पुरुषांत १४ ते १९ हा सर्वसाधारण पट्टा धरतात. वय वाढेल तसा तो खाली येतो. गुडघे, हृदय किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर करू नका. आणि मोजणाऱ्याने शेजारीच उभं राहायचं, हात धरता येईल इतकं जवळ. आकडा वहीत तारखेसह लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

काही शंका असतील तर विचारा, मी इथेच आहे.